वळसा, भोवळ आणि शाळेची भिंत

चौथीच्या बाईंना मुलं मागून शनी म्हणायची. त्याला कारणं दोन. एक म्हणजे त्यांची नजर तुमच्यावर पडली की पुढच्या दिवसांचं काही खरं नव्हतं. दुसरं म्हणजे कमरेला लटकणारं किल्ल्यांचं भलंमोठं कडं. बाईंना हे नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. सगळ्या ग्रहांत देखणा कोण, तर शनीच. गुरू नुसताच सुटलेला, मंगळ गंजका, आणि शुक्राचं रूप लांबूनच बघावं, जवळ गेलात तर भट्टी. माणसांबद्दलही बाईंचं मत साधारण हेच होतं. लांबून बरी, जवळ गेलं की ताप.

हेडसरांना त्या लघुग्रह म्हणायच्या. धड आकार नाही, स्वतःचा उजेड नाही, आणि कधी कुठे येऊन आदळतील याचा नेम नाही. पालक म्हणजे धूमकेतू. वर्षातून एकदा उगवायचं, मागे तक्रारींचं लांबलचक शेपूट, आणि पेपर हातात पडले की गायब. निवृत्तीनंतर बाईंच्या जागी येणार होती ती नवी बाई पडद्यावर ग्रह नाचवायची. तिला बाई काहीच म्हणायच्या नाहीत, नुसतं तिच्या पडद्याकडे बघून वायर नीट बसली आहे ना एवढं विचारायच्या. त्यात सगळं यायचं.

घरी यजमान होते. पोस्टातून निवृत्त झाले होते आणि चष्मा शोधत एकाच खोलीत दिवसभर फिरायचे. बाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, तुमचं परिभ्रमण आटपलं असेल तर गॅस बंद करा." यजमान गॅस बंद करायचे. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी वाद घातल्याचं शेजाऱ्यांनाही आठवत नव्हतं.

शिकवण्यात मात्र बाईंना नावं ठेवायला जागा नव्हती. ठेवायची कुणाची छातीही नव्हती म्हणा. सूर्यमालेचा धडा आला की बाई अख्खा वर्ग मैदानात काढायच्या. "दप्तरं बंद, डोकी उघडा." घरून आणलेली परात पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवायच्या. हा सूर्य. मग चिमटीत मिरीचा एक दाणा धरून दाखवायच्या. ही पृथ्वी, यात आपण सगळे आलो, हेडसरांच्या फिरत्या खुर्चीसकट. मुलं खिदळायची. दाणा घेऊन बाई चालायला लागायच्या, मागे चाळीस पोरं पावलं मोजत, ती पार फाटकापर्यंत. एवढं लांब आहोत आपण सूर्यापासून. गुरू म्हणजे लिंबू, पण ते ठेवायचं तर चौकातल्या लाँड्रीत. आणि नेपच्यूनला बसडेपोत पाठवावं लागेल, परत यायला बस मिळेल याची खात्री नाही.

मग खेळ. एक पोर पृथ्वी व्हायचं, आणि वर्गातलं सगळ्यात किडकिडीत पोर चंद्र. चंद्रानं पृथ्वीभोवती पळायचं, पण तोंड कायम पृथ्वीकडे ठेवून. "चंद्र पाठ दाखवत नाही. तुम्ही मला दाखवता, म्हणून तुम्ही चंद्र नाही, तुम्ही माकडं." हे एकदा ऐकलेलं पोर चंद्राची दुसरी बाजू आपल्याला का दिसत नाही ते जन्मात विसरायचं नाही.

आणि शेवटी सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "वळसा म्हणजे वलन, भोवळ म्हणजे भ्रमण." पृथ्वी सूर्याला वळसा घालते ते परिवलन. स्वतःभोवती गरगर फिरून भोवळ येते ते परिभ्रमण. किती सोपं, किती बेतशीर. गोम एवढीच होती की ते साफ उलटं होतं. कुठलंही पुस्तक काढा. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याला परिवलन म्हणतात, त्यानं दिवस-रात्र होतात. सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण, त्यात वर्ष जातं. बाईंची एकतीस गेली.

त्याचं असं झालं, नोकरीच्या पहिल्याच वर्षी तपासणीला साहेब आले, आणि नेमका हाच धडा होता. ऐन वेळी कुठलं कोणतं ते बाईंच्या डोक्यातून उडालं. साहेब समोर, पुस्तक उघडायची सोय नाही. मग बाईंनी अक्कल चालवली. वलन, वळण, वळसा. भ्रमण, भ्रम, भोवळ. फळ्यावर ठोकून दिलं. साहेबांनी मान डोलावली, कारण साहेबांनाही आठवत नव्हतं. झालं. तेव्हापासून तो धडा बाईंनी पुस्तकात वाचलाच नाही. आपल्या डोक्यातून निघालेलं छापलेल्यात कशाला शोधायचं?

चौथीचे पेपर बाईच काढायच्या आणि बाईच तपासायच्या. पाचवीला पोरं मोठ्या शाळेत गेली की तिथे आपटायची, आणि तिथले मास्तर म्हणायचे, त्या शाळेची पोरं उलट्या खोपडीची. बाईंपर्यंत काही यायचं नाही. आलं असतं तरी बाईंनी त्या मास्तरांनाच शाळेत घातलं असतं.

निवृत्तीला महिना राहिला तेव्हा हेडसरांनी अदबीनं विचारलं, निरोपाला भिंतीवरचं घड्याळ चालेल का.

बाई म्हणाल्या, "घड्याळ ठेवा तुमच्याकडे, तुम्हाला गरज आहे. मला भिंत द्या."

रस्त्याकडेची लांबलचक भिंत होती शाळेची. रंग उडालेला, त्यावर शिकवण्यांच्या, खोल्या भाड्यानं देण्याच्या, केस उगवण्याच्या जाहिराती. बाईंना तिथे अख्खी सूर्यमाला हवी होती आणि खाली वीतभर अक्षरांत आपलं वाक्य. दुसरं काही नको. पोरं विसरणार, हेडसर तर दुसऱ्या दिवशीच विसरणार, मैदानातली परात घरी जाणार. एकतीस वर्षांतलं खास आपलं म्हणावं असं हे एकच वाक्य होतं. ते उन्हापावसात तिथे राहायला हवं होतं, नवीच्या पडद्याची वीज गेली तरी.

हेडसरांनी पेंटर बोलावला. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे फलक, 'फाटकासमोर गाडी लावू नये', असली कामं करणारा. बावीस वर्षांपूर्वी बाईंच्याच वर्गात होता, तिसऱ्या बाकावर. बाईंना तो आठवला तो अक्षरामुळे. बाकी पोरांचं अक्षर म्हणजे शाईत बुडून पळालेली झुरळं, याचं मात्र पाटीवर लिहिल्यासारखं.

पाच दिवसांत त्यानं ग्रह काढले. बाई रोज मधल्या सुट्टीत जाऊन उभ्या राहायच्या. हा गुरू आहे की कांदा, त्यांनी विचारलं. शनीचं कडं टोपीसारखं का बसवलंय, त्याला ऊन लागतंय का. आणि हे सगळे खांद्याला खांदा लावून का उभे आहेत, लग्नातला फोटो आहे का. पेंटर शिडीवरूनच म्हणाला, बाई, खरं अंतर दाखवायचं तर नेपच्यून बसडेपोच्या भिंतीवर काढावा लागेल, आणि तिथे बनियनची जाहिरात आहे. पोराला अजून आठवतंय, हे बाईंना बरं वाटलं. म्हणून त्या म्हणाल्या, तोंडापेक्षा ब्रश चालव.

सहाव्या दिवशी त्यानं कडेची पट्टी रंगवली. सातव्या दिवशी चांदण्यांवर दुसरा हात दिला. आठव्या दिवशी कुणी न सांगता मंगळ आणि गुरूच्या मध्ये लघुग्रहांचा पट्टा काढला, इतका दाट की त्यातून मुंगी जायची नाही. बाईंनी त्याला सुनावलं की खरा पट्टा एवढा विरळ असतो की आरपार गेलं तरी एकही दगड दिसायचा नाही. पेंटर हो म्हणाला आणि चार दगड पुसले. वाक्याची जागा तशीच पांढरी.

नवव्या दिवशी बाई शिडीला हात लावून उभ्या राहिल्या. "वाक्य कधी?"

पेंटरनं ब्रश डब्यात बुडवला, काठाला पुसला, परत बुडवला. "बाई, ते वाक्य मी नाही लिहीत."

"का, हात मोडलाय?"

"ते उलटं आहे, बाई."

मग तो खाली उतरला आणि त्यानं सगळं सांगितलं. चौथीत असताना एकदा तोच पुस्तक घेऊन टेबलापाशी आला होता, पुस्तकात वेगळं लिहिलंय म्हणून. बाईंनी पुस्तकाकडे न बघता निकाल दिला होता, छापणाऱ्याची चूक, छापखान्यात झोपा काढतात. वर याचं अक्षर बरं म्हणून याच्याच हातात लाल पेन्सिल दिली आणि वर्गातली सगळी पुस्तकं दुरुस्त करायला बसवलं. चाळीस पुस्तकं त्यानं खोडली, दोन मधल्या सुट्ट्या गेल्या. पाचवीला गेल्यावर मोठ्या शाळेतल्या मास्तरांशी तो बाईंच्या बाजूनं भांडला. पुस्तक खोटं, आमच्या बाई खऱ्या. पंधरा दिवस बाकावर उभा होता. पोरं त्याला भोवळ म्हणायला लागली, आणि बाजारात दोघं-तिघं अजून म्हणतात.

बाईंना यातलं काही आठवत नव्हतं. लाल पेन्सिल तर अजिबातच नाही. "छापणाऱ्याची चूक असू शकते," त्या म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा लागला नाही.

"आणखी चार शाळांच्या भिंती रंगवल्यात मी. चौघांनी पुस्तकातलंच लिहून दिलं. चौघांचा छापखाना एकच असेल तर गोष्ट वेगळी."

"मग बावीस वर्षं काय तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होतास?"

"तुमच्यासमोर तोंड उघडायची सोय कुठे होती, बाई? एकदाच उघडलं, तर चाळीस पुस्तकं खोडावी लागली. आता ही भिंतही माझ्याच हातानं..."

बाई शाळा सुटेपर्यंत थांबल्या, मग बसनं गावाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. तिथल्या शाळेच्या भिंतीवर तोच कांदा, तेच टोपीसारखं कडं. खाली सुबक अक्षरांत लिहिलं होतं, स्वतःभोवती फिरणे म्हणजे परिवलन, सूर्याभोवती फिरणे म्हणजे परिभ्रमण. बाईंनी ते तीनदा वाचलं. तिथल्या शिपायानं विचारलं, कुठल्या मुलाला न्यायला आलात. कुठल्याच नाही, म्हणून बाई वळल्या.

घरी येऊन त्यांनी चपलाही न काढता यजमानांना विचारलं, परिवलन म्हणजे काय. यजमान वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "स्वतःभोवती फिरणं. पोस्टाच्या परीक्षेला आलं होतं आम्हाला."

"तुम्हाला माहीत होतं? मग मी तुम्हाला रोज परिभ्रमण म्हणते, तेव्हा बोलला का नाहीत?"

आता त्यांनी पेपर खाली ठेवला. "अगं, परिभ्रमण म्हणजे दुसऱ्याभोवती फिरणं. मला वाटलं, मी तुझ्याभोवती फिरतो म्हणून म्हणतेस. मला काही चूक वाटली नाही."

बाई खुर्चीत बसल्या. आयुष्यभर ज्या नजरेनं लोकांना सोललं, तीच नजर आता घरातल्या घरात परत फिरली आणि काय काय दिसायला लागलं. एका साहेबानं मान डोलावली म्हणून एकतीस वर्षं गाडी हाकणारी बाई. समोर पुस्तक घेऊन आलेल्या पोराला पुस्तकच खोडायला लावणारी. हेडसर निदान कशाची खात्री तरी देत नाहीत. पालक निदान वर्षातून एकदाच येतात. आणि नव्या बाईच्या पडद्यावर पृथ्वी नाचते तेव्हा खालचा शब्द तरी बरोबर असतो. शनी कसला, फुकटचा गोटा, असं त्या स्वतःला मोठ्यानं म्हणाल्या. यजमानांनी विचारलं, चहा टाकू का. बाई म्हणाल्या, टाका.

सकाळी पेंटरनं स्वतःच तोडगा काढला होता. बरोबर वाक्य लिहून टाकतो, कुणाला काही कळणार नाही, खाली बाईंचं नावही टाकतो. हेडसरांना तर सुटल्यासारखं झालं. तेच म्हणतो मी, हळूच दुरुस्त करू, बघतंय कोण.

"कुणी बघत नसेल तर भिंत कशाला रंगवली?" बाई म्हणाल्या. "पोरांकडून घसा बसेस्तोवर ओरडून घेतलं मी, आणि आता कुजबुजत परत घेऊ?"

हेडसरांनी सांगून पाहिलं की निरोपाला मोठे साहेब येणार आहेत, भिंतीवर चूक कबूल केली तर शाळेचं नाव जाईल. बाई म्हणाल्या, शाळेचं नाव पाटीवर आहे, चार खिळे ठोकलेत, कुठे जात नाही. आणि पुसलीत भिंत, तर हेच मी माईकवरून बोलेन, मला निरोपाला तसंही काही बोलायचं सुचत नव्हतं. हेडसर खुर्चीसकट अर्धा फेरा फिरले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

भिंतीकडे जाण्याआधी बाई वर्गात गेल्या. चाळीस पोरांना सांगितलं की वळसा-भोवळ विसरा, मी चुकले. पोरांना आधी वाटलं ही परीक्षा आहे. मग पहिल्या बाकावरच्या एकीनं विचारलं, आईनं शिकवलं तसं बरोबर लिहिलं म्हणून तुम्ही माझे दोन मार्क कापले, ते मिळणार का. बाईंनी कपाटातून गठ्ठा काढला, तिचा पेपर शोधला आणि सगळ्यांसमोर मार्क वाढवले. मग दुसरीनं विचारलं, मग आम्ही ज्यांनी चुकीचं लिहिलंय त्यांचे कापणार का. एवढी व्यवहारी पोरं आपल्या हातून कशी तयार झाली, याचं बाईंना नवल वाटलं. नाही कापणार, त्या म्हणाल्या, ते माझ्या खात्यात.

दुपारी भिंतीपाशी उभं राहून त्यांनी मजकूर सांगितला आणि पेंटर खडूनं उतरवत गेला. आधी बरोबर वाक्य. मग, या शाळेत चौथीला एकतीस वर्षं हे उलटं शिकवलं गेलं.

पेंटर थांबला. "शिकवलं गेलं, की बाईंनी शिकवलं?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. असा प्रश्न त्यांना बावीस वर्षांपूर्वी आवडला नव्हता, आताही आवडला नाही. "खोड," त्या म्हणाल्या. "'शिकवलं गेलं' हे हेडसरांचं मराठी आहे. लिही, चौथीच्या बाईंनी शिकवलं. चूक त्यांची. ज्यांनी तसं पाठ केलं असेल त्यांनी दुरुस्त करून घ्यावं. शंका असल्यास बाई शाळा सुटल्यावर फाटकाशी भेटतील. आणि अक्षरं तेवढीच मोठी काढ, वीतभर. लहान काढलीस तर याद राख."

"मावणार नाही, बाई."

"मग तो कांदा जरा बारीक कर."

रंग वाळला त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई वर्गातली खुर्ची उचलून फाटकाशी जाऊन बसल्या. निवृत्तीला नऊ दिवस उरले होते. पहिला तास-दीड तास कुणी आलं नाही. लोक थांबायचे, वाचायचे, एकमेकांना कोपरानं ढोसायचे आणि बाईंकडे न बघता निघून जायचे. बाई सगळ्यांकडे बघत होत्या. यातले निम्मे आपलेच आहेत, चालण्यावरून कळतं, अजून पाय घासतात.

मग एक पार्सलवाला मोटारसायकल बाजूला लावून उतरला. डोक्यावर हेल्मेट, काखेत खोकं. त्यानं भिंत दोनदा वाचली, हेल्मेट काढलं आणि बिचकत खुर्चीपाशी आला. चौदा वर्षांपूर्वी त्यांच्या वर्गात होता, म्हणाला. चंद्र व्हायचा. आता तेव्हाच्या तिप्पट झाला होता.

"बाई, म्हणजे मग खरं कुठलं?"

"भिंतीवर लिहिलंय ना, वाचता येत नाही?"

"वाचलं. पण पाठ आधीचंच आहे."

बाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं, मग खुर्चीतून उठल्या आणि त्याच्या काखेतलं खोकं काढून घेऊन खुर्चीवर ठेवलं. "उभा राहा. स्वतःभोवती फीर."

त्यानं रस्त्याकडे पाहिलं. समोर फळांच्या गाडीवाला, दोन रिक्षावाले आणि पेंटर, सगळे हातातलं काम सोडून बघत होते. तरी तो फिरला.

"डावीकडे वळत. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तुझ्यासारखी वाट चुकल्यागत नाही. हां. आता याला म्हणतात परिभ्र..."

बाई थांबल्या. जीभ एकतीस वर्षांची, ती भिंत वाचत नाही. पार्सलवाला हात पसरून, एक पाय उचललेला, तसाच वाट बघत राहिला. हसला नाही. कुणीच हसलं नाही.

"परिवलन," बाई म्हणाल्या. मग स्वतःसाठी पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, "परिवलन. आता चल, माझ्याभोवती."